देणे आणि मर्यादा

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाटावर एक जुनी वही ठेवतात. घरात आता व्यापार उरलेला नाही. मी बँकेतून निवृत्त झालेला कारकून, माझे थोरले बंधू गिरणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. तरीही लाल कापडी पुठ्ठ्याची ती लांबट वही दरवर्षी कपाटातून निघते, तिच्यावर हळदकुंकू पडते आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आत जाते. आमच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, सोलापुरातल्या सुताच्या दुकानाची ही शेवटची वही. तिच्यातल्या अखेरच्या नोंदी १९६७ ते १९७१ या सालांतल्या आहेत आणि प्रत्येक नावापुढे अण्णांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द आहे : ‘चुकते’.

गेल्या दिवाळीत पूजा आटोपल्यावर माझी पुतणी काही छापील कागद घेऊन माझ्यापाशी आली. ‘काका, तुम्हांला इंग्रजी करारमदार वाचायची सवय आहे. एवढं नजरेखालून घाला ना,’ ती म्हणाली. ती सोलापुरात घरी बसून अमेरिकेतल्या पियानो-शिक्षकांसाठी संगणकावरची एक वही चालवते. कोणत्या मुलाचा तास कधी, कोणाची फी आली, कोणाची राहिली, एवढाच तिचा पसारा. दोनशेएक शिक्षक महिन्याला नऊ डॉलर भरून ती वापरतात. आता तिला अमेरिकेत आपली कंपनी काढायची होती. तिकडचे पैसे गोळा करणाऱ्या संस्था तिकडच्या कंपनीशी अधिक सोयीने व्यवहार करतात, हे एक कारण. दुसरे तिने जरा हळू आवाजात सांगितले : ‘उद्या कुणी दावा लावलाच, तर त्याचा हात आपल्या घरापर्यंत पोचू नये.’

मी कागद वाचू लागलो आणि चकित झालो. अमेरिकेत कंपनी काढायला अमेरिकेचा नागरिक असावे लागत नाही. तेथे राहावे लागत नाही. पाऊलदेखील ठेवावे लागत नाही. पुतणीने निवडलेले राज्य वायोमिंग. साऱ्या राज्याची वस्ती आमच्या सोलापूर शहराहूनही कमी. परंतु ‘एलएलसी’ नावाच्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीचा कायदा त्या देशात प्रथम याच राज्याने, १९७७ साली, केला. तोही एका तेलकंपनीच्या आग्रहावरून. १९८८ साली अमेरिकेच्या करखात्याने अशा कंपनीला भागीदारीसारखे वागवायचे मान्य केले आणि पुढच्या दहाएक वर्षांत सगळ्या राज्यांनी तिचा कायदा करून घेतला. शंभर डॉलर शुल्क आणि एक छोटासा अर्ज, की कंपनी जन्मली. तिच्या नावाने सरकारी कागद स्वीकारायला त्या राज्यात प्रत्यक्ष पत्ता असलेला एक प्रतिनिधी नेमावा लागतो. तो वर्षाकाठी थोडी फी घेऊन हे काम करतो. मग करखात्याचा क्रमांक. त्या अर्जात जेथे अमेरिकन माणूस आपला सामाजिक सुरक्षा क्रमांक लिहितो, तेथे परक्याने ‘परदेशी’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द लिहायचा आणि अर्ज फॅक्सने पाठवायचा. या क्रमांकाला सरकार पैसा घेत नाही.

सर्वांत गंमत वाटली ती कंपनीच्या अंतर्गत कराराची. कंपनीची मालक एकटी पुतणी. म्हणजे कराराच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला तिचीच कंपनी. दोन्ही सह्या तिच्याच. स्वतःशी केलेला हा करार वाचताना मी हसलो. पण हसू फार टिकले नाही. न्यायालयापुढे ही दोन निराळी माणसे आहेत. करखाते मात्र, निराळी निवड केली नसेल तर, एकाच मालकाच्या अशा कंपनीला मालकाहून वेगळी मानीत नाही. एकाच बाईला एका दारी दोन म्हणून मोजतात आणि दुसऱ्या दारी एक!

करावाचून सुटका व्हावी म्हणून ती हे करीत नव्हती, हे मी आधी पडताळून पाहिले. अनेकांचा तसा समज असतो. काम सगळे परदेशात बसून केलेले आणि अमेरिकेत ना कचेरी ना नोकर, तर अशा परक्या मालकाला तेथे बहुधा आयकर द्यावा लागत नाही, हे खरे. तरी मालक आणि कंपनी यांच्यातल्या देवघेवीची माहिती दरवर्षी एका ठरावीक नमुन्यात द्यावीच लागते. ती चुकली तर दंड पंचवीस हजार डॉलरांपासून सुरू होतो. आणि इकडे भारतात राहणाऱ्याची जगभरची मिळकत करपात्र आहे. परदेशी मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते. परदेशी कंपनीतली गुंतवणूक २०२२ च्या नियमांप्रमाणे बँकेमार्फत करावी लागते. कागदाचा जन्म वायोमिंगात झाला, तरी काम करणारी व्यक्ती बसली आहे सोलापुरातच. पुतणीने हे सगळे आधीच विचारून घेतले होते. मी कागद खाली ठेवले आणि म्हणालो, ‘ठीक आहे.’

एवढ्यात खुर्चीत बसलेले दादा बोलले. दादा म्हणजे तिचे वडील. ते सहसा बोलत नाहीत. ‘नावापुढे ‘मर्यादित’ लावून धंदा करायचा?’ ते म्हणाले. ‘म्हणजे घ्यायला मर्यादा नाही, द्यायला मात्र आहे. आपल्या घरात असं झालेलं नाही.’

खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा पाटावरच्या वहीकडे गेल्या.

वाचकांना ती हकीकत सांगायला हवी. अण्णांच्या दुकानात एक भागीदार होते. १९६७ च्या उन्हाळ्यात ते एका रात्रीत गाव सोडून गेले. मागे सतरा हजारांचे देणे राहिले : नऊ हजार मुंबईच्या एका सूतव्यापाऱ्याचे, सहा हजार विणकरांनी विश्वासाने ठेवलेल्या ठेवींचे, उरलेले किरकोळ. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असतो; एक पळाला तर दुसऱ्याने सगळे द्यावे. अण्णांनी कायदा उघडून पाहिला असेल असे मला वाटत नाही. त्यांनी पेठेतले राहते घर विकले. आईच्या पाटल्या गेल्या. दादांना पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली होती. ती त्यांनी सोडली आणि ते गिरणीत चिकटले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात जाताना हातगाडीच्या मागून चालत गेलेला मला आठवतो. चार वर्षांत वहीतल्या प्रत्येक नावापुढे ‘चुकते’ आले.

ज्याने त्या देण्यापायी आपले शिक्षण गमावले, तोच आज अमर्याद जबाबदारीचा कैवार घेत होता. पुतणीने शांतपणे विचारले, ‘बाबा, आजोबांनी केलं ते बरोबर होतं?’ दादा उत्तर न देता उठून गॅलरीत गेले. तो प्रश्न माझ्याच अंगावर राहिला. वर्षभर मी तो घेऊन वावरतो आहे.

प्रथम मला वाटले, की मर्यादित जबाबदारी ही धूर्तांची युक्ती आहे. इतिहासात त्याला पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. आमच्या मुंबईचा पुरावा अमेरिकेशीच बांधलेला आहे. १८६१ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले, अमेरिकन कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८५७ च्या कायद्याने हिंदुस्थानात मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांना वाट मोकळी झालीच होती. पैसा आला, कंपन्या निघाल्या. समुद्र बुजवण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापूस कोसळला आणि त्यामागून सगळा डोलारा. शेअरांच्या तारणावर कर्जे देत सुटलेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली. इंग्लंडात तर १८९६ साली सॅलोमन नावाच्या एका बूट बनवणाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायपीठाने स्वच्छ सांगितले, की घरच्याच माणसांना भागधारक करून काढलेली कंपनीदेखील मालकाहून निराळी व्यक्ती आहे. सॅलोमनवर बोजा आला नाही; ज्यांनी तारणावाचून माल उधार दिला होता, त्यांच्या हाती काही लागले नाही.

या गोष्टी आठवताना एक साधी बाब माझ्या ध्यानात आली. तोटा नाहीसा होत नसतो, तो सरकतो. कायदा जेव्हा म्हणतो, की मालकाने येथपर्यंतच द्यावे, तेव्हा उरलेले देणे हवेत विरत नाही. ते घेणेकऱ्याच्या अंगणात जाऊन पडते. मर्यादा म्हणजे तोट्याच्या वाटेत घातलेला बांध. बांध घातला की पाणी दुसऱ्याच्या शेतात शिरते. ते कोणाचे शेत, हा खरा प्रश्न.

आणि येथे अण्णांच्या बाजूचा माझा अभिमान डळमळू लागला. कारण बांध न घातल्यानेही पाणी कोठे तरी शिरतेच. अण्णांच्या अमर्याद जबाबदारीचे पाणी आईच्या हातांत आणि दादांच्या पुस्तकांत शिरले.

शिवाय मर्यादेची कल्पना काही आपल्याकडे साहेबाने आणलेली नाही. व्याज कितीही तुंबले तरी एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही, हा दामदुपटीचा नियम जुनाच. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला. बापाचे ऋण मुलाने फेडावे असे सांगणाऱ्या याज्ञवल्क्य स्मृतीनेच, बापाने दारूपायी नि जुगारापायी केलेले कर्ज मुलाने फेडण्याचे कारण नाही, असेही सांगून ठेवले आहे. पुढे २००५ सालच्या दुरुस्तीने, केवळ पुत्रधर्म म्हणून बापाच्या कर्जासाठी मुलाला कोर्टात खेचण्याचा सावकाराचा हक्कच काढून घेतला. या साऱ्यांत मला एकच कळकळ दिसते : ज्याचा त्या व्यवहारात हात नव्हता, त्याच्या डोक्यावर त्याचा भार सबंधच्या सबंध पडू नये.

मार्गशीर्षात एका दुपारी मी ती वही पहिल्यांदाच पानापानाने वाचली. इतकी वर्षे आम्ही तिची पूजा केली होती, वाचली नव्हती. सूतव्यापाऱ्याच्या पानाला एक पोस्टकार्ड टाचलेले होते. त्याने लिहिले होते, की आपल्या भागीदाराने दगा दिला हे मला समजले, आपण रुपयाला आठ आणे द्यावे, मी हिशेब पुरा झाल्याचे लिहून देतो. नऊ हजारांतले साडेचार हजार तो आपण होऊन सोडीत होता. अण्णांनी त्याला नऊ हजार पुरे दिले. त्या साडेचार हजारांत पाटल्या राहिल्या असत्या आणि दादांचे शिक्षणही झाले असते.

विणकरांचे सहा हजार? ते द्यायलाच हवे होते, याविषयी माझ्या मनात आजही संदेह नाही. त्यांनी व्यापारातला धोका ओळखून पैसे ठेवले नव्हते. अण्णांच्या तोंडाकडे पाहून ठेवले होते. मुलीचे लग्न, मागाची दुरुस्ती, अशासाठी राखलेले ते पैसे. परंतु मुंबईचा व्यापारी धोका जाणून, तो भावात धरून उधारी देणारा होता. तो स्वतःच तोट्यातला वाटा उचलायला तयार होता. त्याला नाही म्हणताना अण्णांनी सचोटी राखली, की अब्रूचा मान राखला? मला वाटते, दोन्ही थोडे थोडे. आणि त्या मानाची किंमत अण्णांनी एकट्याने दिली नाही.

आई गेली त्याआधी एकदा मी तिला पाटल्यांविषयी विचारले होते. तेव्हा मला तिचे उत्तर उमगले नव्हते. ती म्हणाली, ‘पाटल्यांचं काही नाही रे. दिल्याच असत्या मी. मला विचारलं नाही, एवढंच.’

‘विचारलं नाही’ या दोन शब्दांत मला पुतणीच्या कागदांचीही कसोटी सापडली. तोटा कोणाकडे सरकणार, हे त्या माणसाला आधी ठाऊक होते का? त्याला विचारले होते का? मर्यादा सांगून घातली असेल तर तो व्यवहार आहे. लपवून घातली असेल तर तो दगा आहे. कायद्यालाही हे थोडेसे कळते. अशा कंपनीला आपल्या नावात ‘एलएलसी’ किंवा तत्सम अक्षरे लावावीच लागतात. दारावरची ती पाटीच आहे : येथे देवघेव करणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की मालकाचे घर या व्यवहारात तारण नाही. कंपनीचा आणि घरचा पैसा कालवून बसलेल्या मालकाचा पडदा न्यायालय बाजूला सारू शकते. आणि स्वतःच्या हाताने कोणाला इजा केली तर कंपनीच्या आड लपता येत नाही.

तरीही पाटीवर एक गोष्ट नसते, ती म्हणजे आत कोण आहे. वायोमिंगच्या स्थापनापत्रात मालकाचे नाव द्यावे लागत नाही. डेलावेअर राज्यात विल्मिंग्टन शहरी नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवर १२०९ क्रमांकाची एक साधीसुधी इमारत आहे. २०१२ च्या सुमारास अडीच लाखांहून अधिक कंपन्यांचा तोच पत्ता होता. खऱ्या मालकांची नावे केंद्र सरकारला कळवावीत असा कायदा अमेरिकेने २०२१ साली केला, १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला आणि मार्च २०२५ मध्ये तेथेच स्थापन झालेल्या कंपन्यांना त्यातून वगळण्यात आले. करखात्याला आणि बँकेला नाव सांगावे लागते. पियानो शिकवणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. जबाबदारीला मर्यादा असणे आणि जबाबदार माणसाला तोंड नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मला पटते. दुसरी पटत नाही.

मी पुतणीला एवढेच सांगितले. तिने वाद घातला नाही. कंपनी निघाली तेव्हा तिने आपल्या संकेतस्थळावर पहिल्याच पानाच्या तळाशी आपले पूर्ण नाव, सोलापूर हे गाव आणि साध्या इंग्रजीतली दोन वाक्ये घातली : ही मर्यादित जबाबदारीची कंपनी आहे, आमच्या चुकीने आपले नुकसान झाल्यास, आपण आम्हांला गेल्या बारा महिन्यांत दिलेल्या रकमेपर्यंत आम्ही भरपाई देऊ. कराराच्या अकराव्या कलमात बारीक अक्षरांत असलेली गोष्ट तिने पुढच्या दारावर आणून लावली.

गेल्या श्रावणात त्या वाक्याची परीक्षा झाली. एका रात्री तिच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ओहायोतल्या एका वृद्ध शिक्षिकेच्या सबंध महिन्याच्या नोंदी पुसल्या गेल्या. पुतणी दोन रात्री जागली. पाठवलेल्या पावत्या, आलेली पत्रे यांवरून तिने बऱ्याच नोंदी पुन्हा जुळवल्या. उरलेल्या तासांची फी मागायला त्या बाईंपाशी आधारच राहिला नाही. ते नुकसान तीनशे चाळीस डॉलरांचे. करारातली मर्यादा बारा महिन्यांच्या नऊ-नऊ डॉलरांची, म्हणजे एकशे आठ.

तिने तीनशे चाळीस दिले.

मला आनंद झाला, हे लपवीत नाही. परंतु तिने लगेच मला जमिनीवर आणले. ‘काका, एकीचं गेलं म्हणून देता आले. शंभर जणींचं गेलं असतं तर चौतीस हजार डॉलर कुठून आणले असते? तेव्हा मी एकशे आठच दिले असते. हे घर विकून दिले नसते. आणि त्याची लाज वाटून घेतली नसती, कारण तसं आधी सांगितलं होतं.’

हे बोलणे कठोर होते, पण त्यात खोटे काही नव्हते. सांगितलेल्या मर्यादेपर्यंतचे देणे कायद्याचे. त्यापलीकडचे तिच्या मनाचे. अण्णांपाशी हा फरकच नव्हता. त्यांच्या काळी, त्यांच्या भागीदारीत, सगळेच देणे एकाच रंगाचे होते आणि ते त्यांनी सगळेच फेडले. त्यांच्याविषयीचा माझा आदर कमी झालेला नाही. पण आता वहीवर हळदकुंकू वाहताना मला ‘चुकते’ या शब्दाशेजारी आईचे आणि दादांचे नाव न लिहिलेले दिसते. त्यांचे देणे कोणत्याच पानावर नोंदलेले नाही.

श्रावणातली ती हकीकत मी दादांना सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘त्या बाईंना आधी ठाऊक होतं ना, एकशे आठच मिळणार म्हणून?’

‘होतं,’ मी म्हणालो.

‘मग बरं,’ ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, ‘मला त्या पोस्टकार्डाचं ठाऊक होतं. वाचूनही अण्णांना मीच दाखवलं होतं. ते म्हणाले, आपण पुरे देऊ. मी हो म्हणालो.’

म्हणजे दादांना विचारले होते. सतरा वर्षांच्या मुलाला बापाने असे विचारल्यावर तो दुसरे काय म्हणणार, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला. मी तो विचारला नाही. यंदा पाटावर वहीशेजारी ठेवायला पुतणीने वायोमिंगचा दाखला छापून आणला आहे. तो ठेवावा की नाही, हे ठरवायचे काम तिने दादांवर सोपवले आहे.